हिवाळ्यात मन मिटतं तेव्हा : गीता १०.९ आणि १०.३५



आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ९ आणि ३५, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७. वेळ असेल तर पहिल्या अध्यायाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवातही वाचा. ज्ञानेश्वरी जवळ असेल तर दहाव्या अध्यायातल्या नवव्या श्लोकावरच्या ओव्या जरूर काढा.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला विचारलं, "मी रोज हरिपाठ म्हणते. तरी नोव्हेंबर आला की सकाळी उठावंसं वाटत नाही, कुणाचा फोन घ्यावासा वाटत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. म्हणजे माझी भक्ती कच्ची आहे का?" तिला कुणीतरी सांगितलं होतं की नामस्मरण वाढव, गोळ्यांची गरज पडणार नाही. आजचा अभ्यास तिच्या प्रश्नावर आहे. हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो, फक्त सत्संगात तो मोठ्याने विचारायची लाज वाटते.

आधी शरीराचं समजून घेऊ

मी पुण्याची, सध्या लंडनमध्ये राहते. पुण्यात डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. इथे तो आठ तासही भरत नाही. सकाळी आठच्या सुमारास सूर्य उगवतो आणि चार वाजायच्या आत मावळतो. अंधारात ऑफिसला जायचं, अंधारातच परत यायचं. माझ्या इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात मी आठवडेच्या आठवडे दहा-दहा तास झोपत होते आणि तरी थकलेली होते. सारखं गोड आणि ब्रेड खावंसं वाटायचं. गुरुवारच्या भजनाला जायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा.

हे दुखणं डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. ठरावीक ऋतूत येणारं आणि बहुतेकदा वसंतात ओसरणारं हे नैराश्य नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वैद्यकीय लेखात मांडलं. उजेड कमी झाला की शरीरातलं झोपेचं आणि जागेपणाचं घड्याळ मागे-पुढे होतं. जास्त झोप, जास्त भूक, जड अंग, माणसांपासून दूर राहणं ही त्याची नेहमीची लक्षणं.

आणि हे फक्त परदेशातल्यांचं आहे असं समजू नका. पुण्यात, मुंबईत अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रपाळी करणारे किती तरी जण आहेत. बाहेर लख्ख ऊन असतं आणि ते पडदे लावून झोपलेले असतात. सूर्य आहे, पण त्यांच्या वाट्याला येत नाही.

अर्जुन रथात बसला तेव्हा

आता गीता उघडू. पहिल्या अध्यायात अर्जुन स्वतःची अवस्था सांगतो, ती नीट वाचा. गात्रं गळून गेली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंग कापतंय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहता येत नाही, मन गरगरतंय. शेवटी तो धनुष्यबाण टाकून रथात बसतो. एवढा पराक्रमी माणूस, आणि शेजारी साक्षात भगवंत! देव जवळ असूनही अर्जुनाचं मन ढासळलं. तेव्हा मन ढासळणं म्हणजे देव दूर गेला, हे गणित गीता पहिल्याच अध्यायात खोटं ठरवते. या अध्यायाचं नावसुद्धा अर्जुनविषादयोग. विषादालाही योग म्हटलंय.

पुढचं अजून महत्त्वाचं. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत त्याला ऊठ म्हणतात, दुबळेपणा टाक म्हणतात. अर्जुन उठतो का? नाही. तो म्हणतो, माझं मन गोंधळलंय, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. त्यानंतरही तो लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. मग कृष्ण हसतमुखाने बोलायला लागतो आणि हे बोलणं अठराव्या अध्यायापर्यंत चालतं. सहाव्या अध्यायात अर्जुन म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. तेव्हा भगवंत त्याला झापत नाहीत. खरंय, मन आवरायला अवघड आहे, असं आधी मान्य करतात आणि मग अभ्यास आणि वैराग्याचा मार्ग सांगतात. अगदी शेवटी प्रेमाने विचारतात की तुझा मोह गेला ना?

उदास माणसाला "ऊठ, सगळं मनाचे खेळ आहेत" असं एका वाक्यात सांगून मोकळं होणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. एका वाक्याने अर्जुनसुद्धा उठला नव्हता. त्याला वेळ मिळाला, प्रश्न विचारायची मुभा मिळाली आणि जवळ बसणारा सखा मिळाला.

झोप, जेवण आणि ऊन

सहाव्या अध्यायातले ते दोन श्लोक मला फार व्यवहारी वाटतात. खूप खाणाऱ्याला योग साधत नाही, अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. खूप झोपणाऱ्याला नाही, सारखं जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं बेताचं असतं त्याचा योग दुःख दूर करतो, असं भगवंत सांगतात. ध्यानाच्या अध्यायात हे सांगितलंय! म्हणजे वेळेवर झोपणं हाही साधनेचाच भाग आहे.

यातलं हिवाळ्यात काय करता येईल? सकाळचा उजेड सगळ्यात महत्त्वाचा. ढगाळ आकाशाचा उजेडसुद्धा घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून उठल्यावर लवकरात लवकर वीस-तीस मिनिटं बाहेर चाला. नामजप चालता चालता करा. ऊन पडत असेल अशा गावात असाल तर सूर्याला अर्घ्य देण्याची आपल्या आजी-आजोबांची सवय पुन्हा सुरू करा. उत्तरेकडच्या देशांत यासाठी खास तेजस्वी दिवे मिळतात. दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर सकाळी साधारण अर्धा तास बसायचं असतं. डोळ्यांचा आजार असेल किंवा मूड खूप वर-खाली होण्याचा त्रास आधी झालेला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा वापरू नका.

माउलींची दोन तळी

आता दहावा अध्याय. नवव्या श्लोकात भगवंत त्यांच्या भक्तांचं वर्णन करतात. त्यांचं चित्त माझ्यात असतं, ते एकमेकांना समजावतात, माझ्याविषयी बोलत राहतात आणि त्यातच रमतात. यातला "एकमेकांना" हा शब्द अधोरेखित करा. इथे भक्त एकटा नाही, भक्त अनेक आहेत आणि ते एकमेकांशी बोलतायत.

माउलींनी यावर दिलेला दृष्टांत किती सुंदर आहे! जवळजवळच्या तळ्यांना भरती येते, पाणी काठावरून उचंबळतं आणि एकमेकांत मिसळतं. मग ही लाट कुठल्या तळ्याची, हे सांगता येत नाही. सत्संग असा असतो. ज्या दिवशी माझं तळं आटलेलं असतं, त्या दिवशी शेजारच्याचं पाणी माझ्याकडे येतं.

त्या दुसऱ्या हिवाळ्यात मला हे अनुभवाला आलं. मी सलग तीन गुरुवार भजनाला गेले नाही. चौथ्या दिवशी ग्रुपमधल्या एक काकू दारात उभ्या. हातात मुगाच्या खिचडीचा डबा. "का आली नाहीस" असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "गरम आहे तोवर खा, मी बसते." दोन घास खाल्ल्यावर मला रडू आलं. त्या बसून राहिल्या. पुढच्या आठवड्यात त्याच मला डॉक्टरकडे घेऊन गेल्या आणि गुरुवारी म्हणाल्या, "गाऊ नकोस, टाळ वाजवू नकोस, नुसती कोपऱ्यात बस." मी नुसती बसले. महिनाभराने टाळ हातात घेतला.

तुम्हाला ताटीचे अभंग ठाऊक असतील. लोकांच्या बोलण्याने दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकट्या मुक्ताईने बाहेर उभं राहून त्यांना विनवलं. ज्ञानेश्वरांसारख्यांनाही दार आतून लावावंसं वाटलं आणि ते उघडायला बाहेरून हाक लागली. तुमच्या ओळखीत कुणाची ताटी बंद झाली असेल, तर या महिन्यात तुम्ही मुक्ताई व्हा. आणि तुम्ही स्वतःच आत असाल, तर हाक आल्यावर निदान कडी काढा.

आपलं हिवाळ्याचं कॅलेंडर

कधी लक्षात आलंय का, थंडीत आपले किती सण माणसांना घराबाहेर काढतात आणि एकत्र आणतात? कार्तिकात पहाटेची काकड आरती. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची वारी. मार्गशीर्षातले महालक्ष्मीचे गुरुवार आणि शेवटच्या गुरुवारचं हळदीकुंकू. गीता जयंती, दत्त जयंती. धनुर्मासात सूर्योदयाच्या वेळी खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा नैवेद्य. मग भोगी, आणि संक्रांतीला रुसवा सोडून तिळगूळ. पहाटे उठणं, गरम आणि सकस खाणं, शेजाऱ्यांकडे जाणं हे सगळं त्यात आपोआप होतं. शहरात आणि परदेशात यातलं बरंच सुटलंय. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. परक्या थंडीत आपली माणसं लागतात, हे आपल्या आधीच्यांना केव्हाच कळलं होतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, कामावर, झोपेवर, जेवणावर परिणाम व्हायला लागला, तर डॉक्टरांना भेटा. समुपदेशन आणि औषधं यांनी हा आजार बरा होतो. डायबिटीस असलेला वारकरी गोळी घेऊनच वारीला निघतो आणि त्याच्या भक्तीवर कुणी शंका घेत नाही. मनाच्या गोळीलाही तोच न्याय लावा. आणि सुरू असलेली औषधं कुणाच्या सांगण्यावरून स्वतःच बंद करू नका.

जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील तर एकटे राहू नका, आत्ता लगेच कुणाला तरी फोन करा. भारतात टेलि-मानसचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३. हा फोन करणं म्हणजे अर्जुनाने "मला सांग" म्हणण्यासारखंच आहे.

एकाच श्लोकात मार्गशीर्ष आणि वसंत

शेवटी पस्तिसावा श्लोक. भगवंत आपल्या विभूती सांगतात, तेव्हा बारा महिन्यांतून मार्गशीर्षाचं नाव घेतात. मार्गशीर्ष हेमंत ऋतूत येतो. दिवस लहान होत जातात तो हा काळ! आणि त्याच श्लोकात, लगेच पुढे, ऋतूंमध्ये ते वसंताचं नाव घेतात. मला यातून मोठा धीर मिळतो. वसंत येईल तेव्हा देव भेटेल असं नाही, या थंड महिन्यातही तो आहे. आणि वसंतही त्याचाच आहे, तो यायचा राहणार नाही.

तर माझ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं : तुझी भक्ती कच्ची नाही. गोळी घे, हरिपाठ म्हण, उन्हात चाल आणि गुरुवारी आमच्यात येऊन बस. चारही गोष्टी एकाच देवाच्या आहेत.

या आठवड्यात करायच्या तीन गोष्टी

१. रोज सकाळी वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात नाम घेत चाला.
२. बरेच दिवस न दिसलेल्या एका माणसाला फोन करा. उपदेश नको, नुसतं ऐका. जवळ राहत असेल तर गरम काहीतरी घेऊन जा.
३. दहाव्या अध्यायातला नववा श्लोक कुणाबरोबर तरी वाचा, एकट्याने नको.

प्रार्थना

पांडुरंगा, ज्यांना आज अंथरुणातून उठवत नाही त्यांच्या उशाशी तू बस. त्यांच्या दारात कुणाला तरी पाठव, आणि जमलं तर मलाच पाठव. दिवस लहान आहेत तोवर आम्हाला एकमेकांचा उजेड होऊ दे.

राम कृष्ण हरी!