पत्ता सुलटा की उलटा?

1781 साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने टॅरोच्या पत्त्यांवर एक निबंध छापला. त्यातला बारावा पत्ता त्याला पटेना. या पत्त्यावर एका पायाने खाली डोकं करून टांगलेला माणूस असतो. जेबलँने निकाल दिला की हा माणूस मुळात उभाच होता, एक पाऊल जपून उचललेला, विवेकाचं प्रतीक म्हणून काढलेला; अडाणी छापखानेवाल्यांनी तो उलटा करून टाकला. निकाल साफ चुकीचा होता. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी 1450 च्या सुमारास रंगवलेल्या पत्त्यांतही तो माणूस टांगलेलाच आहे.

आजही नवशिक्यांची पहिली फसगत याच पत्त्यावर होते. डोकं खाली दिसलं की पत्ता उलटा, असं धरून चालतात. पाहायचा असतो तो वरचा आडवा दांडा. मार्सेय धाटणीच्या जुन्या फ्रेंच कॅटमध्ये रोमन आकडा वर असतो आणि नाव खाली. दांडा आणि आकडा वर असतील तर पत्ता सुलटा, मग माणूस कसाही असो.

हे सगळं लिहायला कारण घडलं ते औंधला. यमाईच्या डोंगराखालच्या आमच्या नात्यातल्या एका घरी पुण्याहून भाची आली होती. तिने मार्सेय धाटणीचा कॅट मागवला होता, सोबत उलट-सुलट अर्थांचं इंग्रजी पुस्तक. शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, साताऱ्याची तारीख मिळाली होती. काकूंनी सहज विचारलं, "बघ गं, तारीख बरी आहे का?" पत्ता निघाला सहा सोट्यांचा. भाचीने पुस्तक चाळलं आणि "उलटा आहे, विलंब दाखवतोय" असं सांगितलं. काकूंनी तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा एकदा ढकलली. दिवाळीपर्यंत मोतीबिंदू इतका पिकला की डॉक्टरांनी आता काम अवघड झाल्याचं स्पष्ट सांगितलं.

तो पत्ता मी नंतर हातात घेऊन पाहिला. मधोमध सहा सोटे एकमेकांत विणलेले, वरच्या टोकाला पानफुलांची नक्षी, खालच्या टोकालाही तशीच. फिरवून पाहिला, भाचीच्या हातात दिला, तिनेही फिरवून पाहिला. आधी कोणती बाजू वर होती हे तिला सांगता येईना, मलाही येईना. त्या दिवशी तिला उलटं काय दिसलं होतं, हे तिचं तिलाही आठवेना. एका बाईचं ऑपरेशन अडलं ते दोन्हीकडून जवळपास सारख्या दिसणाऱ्या चित्रापायी, याचं मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

म्हणून जुना कॅट वापरणाऱ्याने आधी त्यातले छप्पन साधे पत्ते नीट तपासावेत. टॅरोचे एकूण 78 पत्ते. त्यांतले 22 चित्रांचे, बाकीचे पेले, तलवारी, सोटे आणि नाणी अशा चार रंगांचे, प्रत्येकी चौदा. पेल्यांचा प्रश्न नाही, पेला उभा की पालथा हे पोरालाही कळतं. राजा, राणी, स्वार, गुलाम यांचंही तसंच. तलवारींच्या विषम पत्त्यांत मधली एकटी तलवार पाहावी. टोक वर, मूठ खाली. बहुतेक सम पत्त्यांत मधल्या फुलाचं देठ शोधावं लागतं. खरी अडचण सोट्यांची आणि नाण्यांची. नाण्यांवर तर आकडाही छापलेला नसतो, फक्त वेलबुट्टी. दोन नाण्यांच्या पत्त्यावर फितीत छापणाऱ्याचं नाव घालायची रीत होती, ते मात्र वाचता येतं. बाकी पत्ते एकेक करून फिरवून पाहावेत, आणि फरक डोळ्याला चटकन दिसत नसेल तर खालच्या कडेला पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यावा. कॅट फार जुना, मोलाचा असेल तर ठिपकाही देऊ नये. त्या पत्त्यांना उलट अर्थ नाही, एवढं ठरवून टाकावं.

मुळात हे पत्ते भविष्यासाठी नव्हतेच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ते डाव खेळायला निघाले, आणि खेळात पत्ता कोणत्या बाजूने पडला याला काही किंमत नसते. उलट पत्त्याला वेगळा अर्थ देण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली ती फ्रान्समधल्या झाँ-बाप्तिस्त आलियेत याने, 1770 मध्ये. तीही टॅरोवर नाही, 32 पत्त्यांच्या साध्या कॅटवर. हा गृहस्थ स्वतःचं आडनाव उलटं लिहून एतेया म्हणून प्रसिद्ध झाला. 1789 च्या सुमारास त्याने भविष्यासाठी खास टॅरो काढला, त्यात सुलटा अर्थ वरच्या कडेला आणि उलटा खालच्या कडेला छापला. त्याला आपली अडचण माहीत होती, हे उघड आहे. पुढे 1909 मध्ये लंडनला आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी सगळेच्या सगळे 78 पत्ते प्रसंगचित्रांनी रंगवले. आज आपल्याकडे बहुतेकांच्या हातात दिसतो तो हाच कॅट, आणि बाजारातली पुस्तकंही बहुतेक त्याच्याच अंगाने लिहिलेली. भाचीचं पुस्तक या कॅटचं होतं आणि पत्ते मार्सेयचे. घोटाळा तिथेच सुरू झाला.

दुसरा घोटाळा हाताचा. पालथा पत्ता पुस्तकाचं पान उलटतो तसा बाजूने उघडला तर त्याची वरची बाजू वरच राहते. तोच खालची कड धरून वर उचलून उघडला की वरचं खाली जातं. एकाच बैठकीत काही पत्ते असे, काही तसे उघडणारे मी पाहिलेत. मग उलटा पत्ता कॅटने दिला की मनगटाने, हे कोण सांगणार? बसण्याचंही तसंच. समोरासमोर बसलं की सांगणाऱ्याला सुलटा दिसणारा पत्ता विचारणाऱ्याला उलटा दिसतो. कुणाच्या बाजूने मोजायचं हे पिसण्याआधी बोलून घ्यावं. आणि पिसताना अर्धा कॅट फिरवला नाही तर सगळे पत्ते आहेत तसेच राहतात, उलटा निघणारच नाही. विकत घेताना पाठही पाहावी: नक्षीला वर-खाली असेल तर पालथा पत्ताच आपली बाजू सांगून टाकतो.

आपल्याकडे देवाला कौल लावतात तिथे ही शिस्त असते. मूर्तीला फुलं किंवा कळे चिकटवतात, पण त्याआधी मोठ्याने सांगतात: उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पडल्यावर बाजू ठरवत नाहीत. कौलावर विश्वास असो नसो, आधी बोलण्याची ती रीत पत्तेवाल्यांनी उचलावी.

गंजिफा खेळणाऱ्यांकडूनही शिकण्यासारखं आहे. सावंतवाडीला राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जिवंत ठेवलेल्या या कलेतले पत्ते गोल. दशावतारी गंजिफ्यात 120 पत्ते, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. वर-खाली कशाला म्हणायचं हा प्रश्नच गोल पत्त्यात उरत नाही. उलटेपण आहे ते क्रमात. निम्म्या अवतारांत राजा-प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. पण हे डाव मांडण्याआधीच सर्वांना पाठ असतं, आणि दिवसा रामाने तर रात्री कृष्णाने सुरुवात, हेही.

औंध संस्थानातल्याच किर्लोस्करवाडीहून 1920 पासून 'किर्लोस्कर' मासिक निघायचं, त्यात सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध येत; अंधश्रद्धेविरुद्ध लढलेले नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अशा मुलखात पत्त्यावरून ऑपरेशनची तारीख हलते, ही गोष्ट मला हलकी वाटत नाही. चित्रं पाहून मन मोकळं होत असेल तर जरूर पाहावीत. मात्र आजारपण, औषध, जमिनीचा व्यवहार, मुलीचं स्थळ असे प्रश्न आले तर कॅट बाजूला ठेवावा. "पत्ता उलटा आला, तोडगा करावा लागेल" म्हणून कुणी पैसे मागायला लागलं तर चहा न घेता उठावं.

आणि ज्यांना नुसता खेळायला टॅरो हवा असेल त्यांनी फ्रान्स किंवा ऑस्ट्रियाकडचा खेळाचा कॅट मागवावा. त्यातली चित्रं आपल्या गुलाम-राणीसारखी कोणत्याही टोकाने धरली तरी सुलटीच दिसतात, उलट-सुलट नाहीच. फ्रेंच डाव सहसा चौघांचा, 78 पत्त्यांचा. 21 पत्ते कायमचे हुकूम, आणि वर एक वेगळा पत्ता, जो उतारी कशाचीही असली तरी टाकता येतो. मेंढीकोट येणाऱ्याला हा डाव शिकायला जड जात नाही.