दोन दशांश सेकंद कोठे गेले?

मोबाइलवरील चित्र तारेवाचून टीव्हीच्या पडद्यावर आणणे आता नवलाचे राहिलेले नाही. पण असा एखादा खेळ खेळताना बोट आधी फिरते आणि टीव्हीवरचा चेंडू मागाहून हलतो. “सर, मोबाइल टीव्हीजवळ नेला तर हा उशीर कमी होईल का?” असे एका विद्यार्थिनीने मला वर्गात विचारले. उत्तर देण्याआधी आपण हा उशीर मोजू या.

मोबाइलवर स्टॉपवॉच चालू करून तो पडदा टीव्हीवर दाखवा. दुसऱ्या मोबाइलने दोन्ही पडद्यांचे एकच छायाचित्र घ्या. समजा, मोबाइलवर १२.४८ आणि टीव्हीवर १२.२८ सेकंद दिसले. म्हणजे उशीर ०.२० सेकंद. अशी पाच छायाचित्रे घेऊन सरासरी काढा.

हा वेळ प्रवासात गेला का? मिराकास्ट या २०१२ साली आलेल्या पद्धतीत मोबाइल व टीव्ही वाय-फायच्या रेडिओलहरींनी जोडले जातात. या लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. ३ मीटर अंतराला त्यांना सेकंदाचा दहा कोटीवा भाग पुरतो. ०.२० सेकंदात तर त्या ६०,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दीड प्रदक्षिणा घालण्याइतके अंतर तोडतील! तेव्हा दोष प्रवासाचा नाही.

आता पाठवायची माहिती किती ते पाहू. एका चित्रात १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट आणि सेकंदाला ३० चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १४९ कोटी बिट होतात. घरातील वाय-फायला एवढा भार सहसा पेलत नाही. म्हणून मोबाइल प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी ताडून पाहतो व मुख्यतः बदललेला भागच पाठवतो. आकाश तसेच राहिले आणि चेंडू सरकला, तर चेंडूपुरती माहिती पुरते. यालाच माहितीचे संकोचन म्हणतात. त्यामुळे एक-दोन कोटी बिटांत काम भागते.

मात्र या ताडून पाहण्याला वेळ लागतो. टीव्हीलाही मिळालेल्या माहितीवरून पूर्ण चित्र पुन्हा रचावे लागते. शिवाय वाटेत काही माहिती गळाली तर चित्र अडखळू नये, म्हणून तो थोडी माहिती साठवून मगच दाखवतो. आपले दोन दशांश सेकंद मुख्यतः या आकडेमोडीत आणि साठवणीत गेले.

म्हणून त्या विद्यार्थिनीला उत्तर असे : मध्ये भिंत असेल आणि लहरी क्षीण होत असतील, तर जवळ जाण्याने चित्र अडखळणे थांबेल, एरवी उशीर फारसा घटणार नाही.

शक्य असल्यास लॅपटॉप एकदा तारेने व एकदा तारेवाचून टीव्हीला जोडून हाच प्रयोग करा आणि उशिरातील फरक वहीत नोंदवा. मग सांगा, चित्रपट पाहताना हाच उशीर का जाणवत नाही?