एकच नाकपुडी सतत बंद राहते?

सर्दीत नाक चोंदतं, पण कधी ही बाजू तर कधी ती, आणि आठवडा-दहा दिवसांत मोकळंही होतं. एकच नाकपुडी महिना महिना बंद, शिंकरताना रक्त, काळपट खपल्या, दुर्गंधी, असं असेल तर मात्र थेंब टाकत बसू नका. बहुतेकांचं कारण साधंच निघतं: तिरका पडदा, पॉलिप, सायनस. क्वचित त्यामागे ‘एनके/टी सेल लिम्फोमा’ हा कर्करोग असतो.

चीन, कोरिया, जपान, मेक्सिको, पेरू इथे तो जास्त आढळतो, आपल्याकडे दुर्मीळच. पुरुषांत जास्त, साधारण पन्नाशीच्या आसपास. त्याच्या पेशींत एपस्टाईन-बार विषाणू जवळपास नेहमीच सापडतो. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात असतोच, म्हणून भिऊ नका. कर्करोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आजार वाढला की गाल आणि डोळ्याभोवती सूज येते. टाळूला भोक पडलं तर प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर येतं. काहींना ताप, रात्री घाम, वजनात घट.

निदान चुकतं ते इथे. कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवतात, त्यामुळे भोवतालचा भाग मरतो. वरवरचा तुकडा तपासला तर रिपोर्टमध्ये नुसतं ‘नेक्रोसिस’ (मेलेला भाग) येतं. याचा अर्थ कर्करोग नाही असा नव्हे. त्रास कायम असेल तर खोलवरून पुन्हा बायोप्सी करावी लागते. मधुमेह असेल तर म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजारही तपासावा लागतो. मनाने स्टिरॉइड घेऊ नका. सूज तात्पुरती उतरते आणि निदान लांबतं.

बरं होण्याची शक्यता किती? आजार नाकापुरता असताना रेडिएशन आणि अ‍ॅस्पॅराजिनेज असलेली किमोथेरपी मिळाली, तर दहापैकी साधारण सात रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. इतर लिम्फोमांची नेहमीची ‘चॉप’ किमो इथे तोकडी पडते, कारण या पेशी त्यातली काही औषधं बाहेर फेकतात. आजार शरीरभर पसरला असेल, वय साठीपुढे असेल किंवा उपचारांनंतरही रक्तात विषाणूचा डीएनए सापडत असेल, तर चित्र बिकट होतं. पहिली दोन वर्षं फेरतपासणी चुकवू नका.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या.