वाचनालयासाठी मुक्तस्रोत प्रणाली : एका सत्राची कृती

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात ‘वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप’ हा विद्यार्थ्यांचा गट आहे. तिथे वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना लिनक्स आणि मुक्तस्रोत शिकवतात. कराड, साताऱ्यातही अशा हातांची कमी नाही. तरीही शेवटच्या वर्षाचे कितीतरी प्रकल्प तोंडी परीक्षेनंतर धूळ खात पडतात. तेवढ्याच मेहनतीत गावच्या वाचनालयाची देवघेव सांभाळणारी प्रणाली उभी राहते. त्यासाठी ही कृती.

लागेल : चार-पाच जणांचा गट, एक मार्गदर्शक, साधारण १६ आठवडे आणि आठवड्याला तासभर देणारे ग्रंथपाल.

१. आधी वही वाचा (आठवडा १-२). दोन संध्याकाळी ग्रंथपालांच्या शेजारी बसा. दाखल नोंदवही, देवघेव नोंदवही, वर्गणी आणि अनामतीचा हिशेब पाहा. एक पुस्तक नोंदवायला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजा. तुमची प्रणाली त्याहून सावकाश चालली, तर गर्दीच्या वेळी ग्रंथपाल पुन्हा वहीच उघडतील.

२. तयार काही आहे का, ते पाहा (आठवडा ३). ‘कोहा’ ही मुक्तस्रोत ग्रंथालय प्रणाली न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी बनली आणि २००० च्या जानेवारीत तिथे सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. मोठ्या वाचनालयाला कोहा बसवून देणं आणि तिच्यातलं मराठी सुधारणं हाच उत्तम प्रकल्प ठरेल. एका जुन्या संगणकावर चालणाऱ्या छोट्या वाचनालयासाठी मात्र हलकी, स्वतंत्र प्रणाली लिहा.

३. एका पानावर करार (आठवडा ४). काय करून देणार, काय देणार नाही आणि काम पुरं झालं हे कोण ठरवणार, तेवढं लिहा. परवानाही आताच ठरवा. जीपीएल घेतलात, तर प्रणालीत बदल करून ती पुढे वाटणाऱ्याला आपला कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो. गटातल्या प्रत्येकाची आणि महाविद्यालयाची संमती सहीनिशी घ्या.

४. कोड खुला, माणसं झाकलेली. कोड पहिल्या दिवसापासून गिटवर ठेवा. चाचणीसाठी खोटे सभासद तयार करा. खऱ्या सभासदाचं नाव, फोन किंवा त्याने वाचलेली पुस्तकं सार्वजनिक कोडसोबत कधीही जाता कामा नयेत.

५. मराठी शोध पक्का करा (आठवडा ५-१०). ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरापासून, किंवा ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. मग ‘वाऱ्यावरची वरात’ कपाटात असूनही शोधात सापडत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्ही रूपं एका रूपात आणा. जुनी यादी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर ती आधी युनिकोडमध्ये बदला.

६. दर आठवड्याला दाखवा. माउस ग्रंथपालांच्या हाती द्या आणि तुम्ही गप्प बसा. ते जिथे अडखळतील, ते पुढच्या आठवड्याचं काम.

७. पुराचा विचार करा (आठवडा ११-१२). ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्या पुरात शहरातल्या वाचनालयाच्या ग्रंथांचीही हानी झाली. म्हणून रोज रात्री नोंदींची आपोआप प्रत निघू द्या आणि एक प्रत नदीपासून दूर, दुसऱ्या गावी ठेवा. त्या प्रतीवरून सगळं पुन्हा उभं करून एकदा तरी पाहाच.

८. वही आणि संगणक जोडीने (आठवडा १३-१५). तीन आठवडे दोन्हीकडे नोंद करा आणि दर शनिवारी ताळा जुळवा. फरक निघाला, तर कारण सापडेपर्यंत वही बंद करू नका.

९. सोपवणी (आठवडा १६). चित्रांसह मराठी पुस्तिका छापून द्या. सगळे पासवर्ड ग्रंथपालांच्या ताब्यात द्या. खालच्या वर्गातले दोघे आधीपासून गटात घेतलेले असू द्या, यापुढचा फोन ते घेतील.

महिन्याभराने वाचनालयात एक चक्कर टाका. दरम्यान ग्रंथपालांनी तुम्हाला न विचारता नवी पुस्तकं दाखल केली असतील, तर प्रकल्प पूर्ण झाला. मग तोच कोड शेजारच्या गावाला द्या.