खंजिरीवरचे भजन

खंजिरी हे अगदी साधे वाद्य होय. लाकडाच्या लहानशा कड्यावर एका बाजूने कातडे ताणून बसवितात व कड्याच्या खाचांत धातूच्या चकत्या अडकवितात. एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी थाप दिली, की ताल आणि झणत्कार दोन्ही एकदम उमटतात. तिच्या जोडीला पेटी नको की तबला नको. झोळीत घालून ती कोठेही नेता येते. हे गरिबाघरचे वाद्य हाती घेऊन वऱ्हाडातील एका तरुणाने भजनाचे रूपच पालटून टाकले.

त्याचे नाव माणिक बंडोजी इंगळे. अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी ३० एप्रिल १९०९ रोजी त्याचा जन्म झाला. घरी दारिद्र्य होते. शाळेचे शिक्षण थोडकेच झाले. पण वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात भजनाची गोडी मात्र लागली. आडकोजी महाराजांनीच त्याला ‘तुकड्या’ हे नाव दिले, असे सांगतात. पुढे तो रामटेक, सालबर्डी येथील रानावनांत हिंडला. लोकांत परत आला, तेव्हा त्याच्यापाशी खंजिरी होती आणि स्वतः रचलेली भजने होती.

देवाची भजने तर गावोगाव होतच होती. तुकडोजी महाराजांनी निराळे काय केले? त्यांनी गावातली घाण भजनात आणली. दारू, कर्ज, शिवाशीव, आळस, एकमेकांतील तंटे, हे सारे विषय त्यांनी देवापुढे मांडले. त्यांच्या भजनात शेतकऱ्याचे कष्ट आले, झाडू आला, शेवटी देशाचे पारतंत्र्यही आले. ते मराठीत रचीत, तसे हिंदीतही रचीत. शब्द असे सोपे, की निरक्षर श्रोत्यालाही घरी जाताना ते तोंडपाठ होत. संगीताच्या जाणकारांना हा साधेपणा कदाचित उणा वाटेल. पण दिवसभर निंदणी करून आलेल्या माणसाने म्हणावयाचे गाणे ते!

अशा गाण्याचे सामर्थ्य परक्या सरकारनेही ओळखले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर व आष्टी येथील लोक उठावले. पोलिसांच्या गोळ्या चालल्या, माणसे मेली. त्या भागातील लोकांना चेतविणारी भजने कोणाची, हे सांगावयास नको. त्याच महिन्यात महाराजांना अटक झाली आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. हातात शस्त्र नव्हते. एक खंजिरी होती!

स्वातंत्र्यानंतरही ती थांबली नाही. १९५५ साली जपानमधील विश्वधर्म परिषदेस महाराज गेले, तेव्हा तीही त्यांच्याबरोबर गेली. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविले. खेडे कसे सुधारावे हे सांगणारी ‘ग्रामगीता’ त्यांनी ४१ अध्यायांत लिहिली. १९६२ व १९६५ च्या युद्धांच्या वेळी सीमेवर जाऊन त्यांनी जवानांना भजने ऐकविली. ज्यांचे शाळेचे शिक्षण थोडक्यातच आटोपले, त्यांचेच नाव २००५ साली नागपूर विद्यापीठास देण्यात आले.

नागपूरहून अमरावतीस जाताना तिवसे मागे टाकले, की मोझरी लागते. येथे १९३५ साली महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. येथेच ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, त्यांचे देहावसान झाले आणि येथेच त्यांची समाधी आहे. कोणत्याही जातीच्या वा धर्माच्या माणसास तेथे मज्जाव नाही.

दर वर्षी पुण्यतिथीस गावोगावच्या दिंड्या गुरुकुंजात येतात. म्हातारे येतात, कडेवर मुले घेतलेल्या बाया येतात. दिवसभर खंजिऱ्या वाजत असतात, भजनांवर भजने होत असतात. मग चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे होतात, आणि त्या अफाट जनसमुदायातील प्रत्येक खंजिरी स्तब्ध होते. कोणी बोलत नाही. सारे हात जोडून उभे राहतात. काही वेळाने प्रार्थनेचे शब्द हळूहळू उमटू लागतात.