जलाशयाच्या काठी : परिसर-सहलीचा एक पाठ

(विषय : परिसर अभ्यास. इयत्ता 4 थी व 5 वी. केशोरी परिसरातील शाळांसाठी.)



पावसाळा ओसरू लागतो, बांध्यांतून धान निसवू लागतो आणि सहलीचा विषय प्रत्येक शाळेत निघतो. केशोरीच्या मुलांना सहलीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. गोठणगावाजवळ डोंगरांच्या कुशीत इटियाडोहाचा विस्तीर्ण जलाशय आहे. पलीकडे सात टेकड्यांनी वेढलेला नवेगावबांधचा जुना तलाव आहे. त्या टेकड्यांना लोक ‘सात बहिणी’ म्हणतात. असे निसर्गवैभव शाळेच्या इतक्या जवळ असणे हे भाग्यच होय. परंतु या भाग्याचा उपयोग आपण कसा करतो, याविषयी चार शब्द लिहावेत व एक पाठही सुचवावा, असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम एक कबुली देतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी सहायक शिक्षक असताना पाचवीचा वर्ग घेऊन एका तलावावर गेलो होतो. ‘पाण्याजवळ कोणीही जावयाचे नाही’ अशी ताकीद मी तीन वेळा दिली. जेवण झाल्यावर एक मुलगा डबा धुण्यासाठी पाळीच्या दगडी उतारावर गेला. शेवाळावरून त्याचा पाय सरकला आणि क्षणात तो दिसेनासा झाला. जवळच एक वृद्ध ढीवर डोंग्यातून जाळे ओढीत होते. त्यांनी डोंगा वळविला, हातातील बांबू पुढे केला आणि मुलगा वाचला. त्या गृहस्थांनी मला दोष दिला नाही. मुलांना पाण्याची भीती घालू नका, पाणी दाखवून द्या, एवढेच ते म्हणाले. त्या वेळी त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. आम्ही त्या शाळेत पुढील काही वर्षे सहलच बंद ठेवली. मुले मात्र तलावावर जातच राहिली. फरक इतकाच की, आता त्यांच्याबरोबर गुरुजी नव्हते.

प्रस्तुत पाठाचे मूळ या अनुभवात आहे. बंदी घातल्याने मूल पाण्यापासून दूर राहत नाही; ते केवळ शिक्षकापासून दूर जाते. मोकळीक दिली आणि ज्ञान दिले नाही, तर तीही घातकच. यास्तव जलाशयावर जाण्याचा अधिकार आणि जलाशयाचे ज्ञान या दोन्ही गोष्टी मुलास एकाच वेळी मिळाल्या पाहिजेत.

1. पाठाची उद्दिष्टे

(अ) जलाशय कसा तयार होतो व त्याचे पाणी कोठे जाते हे विद्यार्थ्यास कळावे. (आ) त्या पाण्यावर कोणाकोणाची उपजीविका अवलंबून आहे हे त्याने स्वतः पाहून नोंदवावे. (इ) धोक्याच्या जागा त्याला ओळखता याव्यात व संकटसमयी काय करावे हे ठाऊक असावे. (ई) सार्वजनिक जागेचा आनंद इतरांस उपद्रव न देता घेण्याची सवय त्याला लागावी.

2. पूर्वज्ञान-जागृती

वर्गात पुढील प्रश्न विचारावेत. तुमच्या घरच्या धानाला पाणी कोठून येते? ‘डोह’ कशास म्हणतात? तलाव आणि धरण यांत फरक कोणता? तलावावर गेलात तेव्हा तेथे कोण कोण दिसले, आणि ते काय करीत होते? शेवटच्या प्रश्नाची उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत. सहलीहून परतल्यावर त्यांचा उपयोग होईल.

3. विषयविवेचन

पहिला टप्पा : जलाशय कसा झाला. आपल्या झाडीपट्टीत तलाव बांधण्याची परंपरा प्राचीन आहे. कोहळी समाजाची त्या कामी मोठी ख्याती होती. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. टेकड्यांमधील मोकळी जागा मातीच्या पाळीने अडविली की पावसाचे पाणी आपोआप साठते, हे त्या लोकांनी डोळ्यांनी हेरले होते. इटियाडोहाचे धरण याच तत्त्वावर, परंतु फार मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. गाढवी नदीवरील हे मातीचे धरण 1970 साली पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे 30 मीटर व लांबी 500 मीटरांहून थोडी अधिक आहे. मुलांना हे आकडे नुसते पाठ करावयास लावू नयेत. शाळेच्या पटांगणात 50 मीटरांची दोरी मोजून घ्यावी व तशा दहा दोऱ्या म्हणजे धरणाची लांबी, असे समजावून द्यावे. पाण्याचे वजनही सांगावे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल हौदातील पाणी 1000 किलो भरते. एवढा भार मातीची भिंत तोलून धरते, हे कळले म्हणजे तिच्यावर खड्डे खणू नयेत, चुली पेटवू नयेत, दगडी अस्तरण उकरू नये, हे मुलास निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा टप्पा : पाणी कोणाचे? हा पाठाचा गाभा होय. येथे घाई करू नये. इटियाडोहाचे पाणी कालव्यांतून आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्याला तर मिळतेच. शिवाय ते भंडारा जिल्ह्यात लाखांदूरकडे आणि गडचिरोली जिल्ह्यात वडसा व आरमोरीकडे जाते. तेथील शेतकऱ्याने हा जलाशय कदाचित पाहिलेलाही नसेल, तरी त्याचे धान याच पाण्यावर पिकते. काठावरच्या ढीवर कुटुंबांची चूल येथील मासळीवर पेटते. पाणी उतरले की उघड्या पडलेल्या गाळात कोणी गाळपेर करतो. गुरे येथेच पाणी पितात. हिवाळ्यात उत्तरेकडून बदके व पट्टकादंब हंस आपल्या तलावांवर उतरतात. सारस पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात व शेजारच्या भंडाऱ्यातच काय तो उरला आहे. त्यालाही अशाच पाणथळीचा व धानाच्या बांधीचा आधार असतो. या सर्वांच्या नंतर, सुटीच्या दिवशी, आपण सहलीचे लोक येतो. आपला हक्क खरा आहे. पण तो एकट्याचा नाही.

‘निस्तार’ हा शब्द आपल्या खेड्यांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून आहे. मालगुजारीच्या काळात तलाव मालगुजाराचा असे. परंतु गावकऱ्यांच्या पाणी, चराई, सरपण अशा नित्याच्या गरजांना रूढीने मान्यता होती. 1950 च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने मालगुजारी संपली आणि हे तलाव शासनाकडे आले. पुढे 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद राहिली. पाणी, वाट, मासेमारी यांविषयीच्या गावाच्या रूढी लिहून ठेवण्याची ही व्यवस्था आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही वनात राहणाऱ्या गावांचा जलाशयातील मासळी व अन्य उपज यांवरील सामूहिक हक्क मानला आहे. म्हणजे सार्वजनिक पाण्यावर सामान्य माणसाचा हक्क असतो, ही कल्पना आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. ती आपल्या गावदप्तरात आहे. शक्य असेल तेथे शिक्षकांनी तलाठी कार्यालयातून आपल्या गावाच्या नोंदीची माहिती घ्यावी व ती मुलांना सोप्या शब्दांत सांगावी.

शिक्षकांच्या माहितीसाठी विलायतेतील एक प्रसंग येथे देतो. इंग्लंडमधील किंडर स्काउट या डोंगराळ माळावर जाण्यास तेथील कामगारांना मज्जाव होता. माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेला असे. अशा डोंगरांवरील पाणलोटाच्या जागाही शुद्ध पाण्याच्या कारणाने लोकांना बंद असत. 24 एप्रिल 1932 रोजी काहीशे तरुण-तरुणी किंडरच्या जलाशयाजवळून मुद्दाम त्या डोंगरावर चढून गेले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. परंतु लोकमत जागृत झाले, 1949 साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयी कायदा झाला आणि 1951 साली तोच प्रदेश त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनला. तेथील माणसाला डोंगर पाहण्याच्या हक्कासाठी झगडावे लागले. आपल्या मुलांना जलाशय मोकळा आहे. तो मोकळा राहावा, हे मात्र त्यांच्या वागणुकीवर अवलंबून आहे. काठावर फुटलेल्या बाटल्या पडू लागल्या, जाळी तुटू लागली, अपघात होऊ लागले, की कुंपण येते. आणि कुंपण आले की पहिला अडतो तो गरीब ढीवर व गुराखी.

तिसरा टप्पा : धोका कोठे आहे? जलाशयाचे पाणी वरून संथ दिसते, पण त्याच्या तळाशी जुन्या नदीचे पात्र तसेच असते. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचे पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकते. बुडालेल्या झाडांचे बुंधे व जाळी पायांत अडकतात. पाळीच्या दगडांवर शेवाळ असते. दरवाजे उघडले की कालव्याला एकाएकी ओढ लागते. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी पडू लागले की दृश्य मनोहर असते व गर्दी लोटते; परंतु गुडघाभर वाहते पाणी थोर माणसासही पाडते, हे विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मृत्यू पावली. 5 ते 14 वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. ही आपल्याच वर्गातील मुलांची वये आहेत.

कोणी बुडत असेल तर मुलाने पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्याने हाक मारावी. बांबू, दोर, धोतर वा साडी पुढे टाकावी. रिकामा बंद डबा फेकावा. बाहेर काढलेल्या माणसास उलटे टांगणे, गरगर फिरविणे किंवा पोट दाबून पाणी काढणे या जुन्या समजुती घातक आहेत. त्यात वेळ जातो. श्वास थांबला असेल, तर जाणत्या माणसाने तोंडाने श्वास द्यावा व छातीवर दाब द्यावा, आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. याचे प्रात्यक्षिक सहलीपूर्वी आरोग्यसेविकेकडून वर्गात करवून घ्यावे.

4. उपयोजन : प्रत्यक्ष सहल

पालकांची लेखी संमती व वरिष्ठांची परवानगी घेतल्याशिवाय निघू नये. दर दहा मुलांमागे एक प्रौढ असावा; त्यांत पोहता येणारा एक तरी असावा. वीस हात लांबीचा दोर व एक बांबू बरोबर घ्यावा. जेवण पाण्याच्या काठी नको. झाडाखाली करावे व डबे धुण्यासाठी पाणी भरून आणावे. माझी चूक नेमकी येथे झाली होती.

पोहोचल्यावर प्रथम एखाद्या ढीवर बांधवास नमस्कार करून मुलांसमोर बोलते करावे. खोल पाणी कोठे, मासे केव्हा अंडी घालतात, जाळे कसे विणतात, हे त्यांच्याइतके कोणत्याही पुस्तकात नाही. मुलांनी प्रश्न विचारावेत. शिक्षकाने त्या वेळी विद्यार्थी व्हावे. परतताना आपण आणलेला सर्व कचरा आपणच परत न्यावा आणि दुसऱ्याचाही थोडा उचलावा.

5. स्वाध्याय

(1) जलाशय, पाळ, सांडवा व कालवा दाखविणारा नकाशा काढा व त्यात धोक्याच्या जागा लाल रंगाने दाखवा. (2) सहलीपूर्वी फळ्यावर लिहिलेली यादी आठवा. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यात कोणाकोणाची भर पडली? (3) घरातील आजी-आजोबांस विचारून ‘निस्तार’ या शब्दाचा अर्थ लिहा. (4) तुमच्या धाकट्या भावंडास तलावावर न्यावयाचे आहे. त्याला कोणत्या तीन गोष्टी सांगाल, आणि प्रत्येकीचे कारण काय?

चौथ्या प्रश्नातील ‘कारण’ हा शब्द तपासताना विशेष पाहावा. जे मूल केवळ ‘जाऊ नको’ असे लिहील, त्याने आपले शब्द उचलले. जे मूल ‘तेथे शेवाळ आहे म्हणून’ असे लिहील, त्याने पाणी पाहिले. त्या वृद्ध ढीवर गृहस्थांना माझ्याकडून एवढेच अपेक्षित होते, हे मला फार उशिरा समजले. आपणांस ते याच वर्षी समजावे, म्हणून हा पाठ.