रस्ता दाभोळला का थबकतो?

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा पुढे घ्या आणि रेवस ते रेडी हा सागरी राज्यमार्ग बोटाने गिरवीत दक्षिणेकडे या. हर्णै मागे टाकून तुम्ही दाभोळला पोहोचाल. येथे वाशिष्ठीच्या खाडीशी रस्ता थबकतो. पैलतीरावरचे धोपावे गाव डोळ्यांना दिसते, पण मध्ये पाणी! असे का बरे?

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, पुष्कळसे पाणी बर्फरूपाने जमिनीवर अडकले होते. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि नद्यांची मुखे बुडाली. कोकणातील खाड्या बनल्या त्या अशा.

खाडी बैलगाडीला अडवते, पण गलबताला वाट देते. भरतीचे पाणी दाभोळहून आत थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढते. भरती साधून माल तेथवर न्यावा आणि पुढे बैलांच्या पाठीवर लादून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला चढवावा, असा जुना व्यापारी मार्ग होता. म्हणजे त्या काळचा 'महामार्ग' किनाऱ्याला समांतर नसून पूर्व-पश्चिम होता. बहमनी काळात दाभोळ भरभराटीस आले ते याच मार्गामुळे. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याने ते जाळले.

पुढे वाहतुकीची साधने बदलली. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि देशावरचा माल मुंबईकडे वळला. मुंबई-गोवा महामार्गाने वाशिष्ठी ओलांडली ती चिपळूणला. तेथे पात्र अरुंद, म्हणून पूल आखूड. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही चिपळूणवरूनच गेली. ज्या रुंद पाण्याने दाभोळ मोठे केले, त्याच पाण्याने ते नव्या वाटांपासून दूर ठेवले.

२००३ साली दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली आणि माणसांबरोबर मोटारीही खाडी पार करू लागल्या.

आता एक दोरा घ्या. दाभोळ ते धोपावे हे अंतर प्रथम खाडीवरून सरळ मोजा, मग चिपळूणवरून रस्त्यारस्त्याने मोजा. नकाशाच्या प्रमाणावरून दोन्हींचे किलोमीटर काढा. फेरीबोट बंद असेल त्या दिवशी पैलतीरी जायचे झाल्यास इंधन आणि वेळ किती जास्त लागेल, तेही ताडून पाहा. आपल्या गावचा रस्ता आज आहे तेथूनच का गेला, हा प्रश्न मग तुम्हालाही पडेल. उत्तर शोधताना आधी नदी आणि डोंगर पाहा.